वेणूबाईंचा जीवखडा

हौसेरावांची बायको खडीच्या ढिगात हरवली.

असं सरळ सांगितलं की ऐकणारा म्हणणार, ही खुद्द हौसेरावांचीच थाप असणार. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा पाटण तालुक्यात कुणी नव्हता, आणि उलव्यात मुलाकडे राहायला आल्यावर पनवेल तालुक्यातही कुणी उरला नाही. बोअरच्या भोकातून पाताळातल्या माणसानं एकदा त्यांच्याकडे तंबाखू मागितली होती. चुना नको म्हणाला, खाली चुनखडी भरपूर आहे! असल्या माणसाच्या घरात एखादी खरी गोष्ट घडली, तर तिनं आपलं खरेपण कुणाला दाखवायचं?

पण वेणूबाई गेल्या हे खरं होतं. आणि खडीत हरवल्या हेही खरं होतं.

झालं असं. स्मशानात खाली सगळीकडे फरशी. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला ज्यानं भोक पाडायचं तो दगड तर हवा. दहाव्यापर्यंत गेलेल्या माणसाचा जीव त्याच्यातच राहतो, म्हणून तो जीवखडा. दिनानाथ गुरुजींनी एकाला भिंतीबाहेर पिटाळलं. तो रस्त्याकडेचा लिंबाएवढा काळा दगड घेऊन आला. इंद्रजितनं, म्हणजे मुलानं, त्याच दगडानं मडकं फोडलं. तेव्हापासून तो खडा म्हणजे वेणूबाई. त्याच्यावर रोज तीळ-पाणी घालायचं आणि दहाव्याला पिंडदान झालं की तो पाण्यात सोडायचा. मधे तो हरवला तर जीव कुठे टेकायचा, हे विचारायची वेळ सहसा कुणावर येत नाही.

खडा घरात ठेवायचा नसतो. सोसायटीच्या पंपरूममागे भिंतीतून एक पिंपळ उगवला होता, त्याच्या बुडाशी गाडग्यात वेणूबाईंची सोय झाली. सुरुवातीला इंद्रजित पाणी घालायचा. मग म्हणाला, "आबा, कंटेनर यार्डात उद्यापासनं मॉर्निंग शिफ्ट लागलीय. तेवढं पाणी तुमी घालाल ना? दहाव्याला रजा टाकलीय, टेन्शन नका घेऊ."

आबांना टेन्शन कसलं? उलट बरंच झालं. लोटी घेऊन ते खाली जायचे, तीळ-पाणी घालायचे आणि गाडग्यापाशी उकिडवे बसून बायकोशी बोलायचे. उज्वलानं, सुनेनं, भाजीत मीठ कमी घातलं. नातीला ताप नाही आता. समोरच्या विंगेतला म्हातारा भेटायला आला आणि दोन कप चहा पिऊन गेला, एक दुःखाचा आणि एक स्वतःचा.

आता हौसेरावांचा उभा जन्म गेलेला ड्रिलिंगच्या मशीनवर. पाण्याचं बोअर नव्हे. धरणाच्या, बोगद्याच्या, भूकंपाच्या तपासणीसाठी जमिनीत खोल जाऊन दगडाचा सलग गाभा कापून वर आणायचा, काकडीसारखा गोल, आणि पेटीत ओळीनं मांडायचा. त्या कामानं हाताला एक खोड लागते. दगड दिसला की तो धुवायचा, ओला करून उन्हात धरायचा, आणि तरी बोलला नाही तर जिभेला लावायचा. "कोरडा दगड मुका असतो," असं ते म्हणायचे. "आन् प्रत्येक दगडाला तोंड असतं. एकदा बघितलेला दगड मी हजारात वळखीन."

त्या सकाळी त्यांना सहज वाटलं, आपली बायको कुठल्या डोंगरातली आहे ते तरी बघावं.

खडा गाडग्यातून काढला, धुतला, उन्हात फिरवला. काळाभोर, बारीक कणाचा, कुठं कुठं पांढरा ठिपका. सह्याद्रीचाच. "गावचीच हायेस की," ते म्हणाले आणि सुकायला म्हणून त्यांनी तो बाजूच्या खडीवर ठेवला. पंपरूमपासून गेटपर्यंत फरसबंदीचं काम निघालं होतं, त्याच्यासाठी कुणा खाणीतली खडी टाकलेली.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर आले. आधी हात जोडून दुःख व्यक्त केलं, मग घसा साफ करून म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण इथे पाणी साचतंय. ग्रुपवर फोटो आलाय."

"पाण्याचं काय घेऊन बसलाय सेक्रेटरी," हौसेराव म्हणाले. "तुमी उभं हाय ती जिमिन कशाची हाय, ठावं हाय का?"

बस्स. तोंड उघडलं ते उघडलं. नंदकिशोरना त्यांनी खाडीचा चिखल दाखवला, चिखलाखालचा काळा दगड दाखवला, काळ्या दगडाखाली झोपलेली गुलाबी दगडाची म्हातारी दाखवली, आणि आपण तिला कसं उठवलं तेही हातवारे करून सांगितलं. नंदकिशोर घड्याळ बघत ऐकत होते. मागे फावडी वाजत होती. गवंड्याची माणसं घमेली भरत होती, ओतत होती, आणि एका डंपरनं ताजी खडी त्याच ढिगावर धडाधड रिकामी केली.

हौसेराव मागे वळले तेव्हा ढीग दुसराच होता.

आधी ते हसले. हजारात ओळखणारा माणूस! धोतर खोचून बसले आणि एकेक दगड उचलायला लागले. हा? नाही. हा? सगळे एकाच क्रशरनं फोडलेले, काळेभोर, बारीक कणांचे, कुठं कुठं पांढरा ठिपका. ऊन चढलं. ओला केला, फिरवला, जिभेला लावला. सगळ्यांची चव एकच, धुळीची आणि डिझेलची.

वरून गॅलरीतून उज्वला ओरडली, "आबा! काय खाताय?"

"काय न्हाई गं पोरी. मोजतोय."

"काय मोजताय?"

त्यांनी थाप मारायची सोडून पुढचा दगड उचलला. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारी गवंडी म्हणाला, बाबा उठा, इथं काम करायचंय. तेव्हा हौसेरावांनी ढिगातला एक दगड उचलून गाडग्यात टाकला. दिसायला तस्साच होता. पुढचे दिवस तीळ-पाणी त्या परक्या दगडावर पडत राहिलं. ते खाली जायचे, लोटी उपडी करायचे आणि उभ्याउभ्याच वर यायचे. कोण कुणाची बाई ती, तिला काय सांगणार की नात आता बरी आहे?

घरात कुणाला संशय आला नाही. म्हातारा खचला, एवढंच सगळे म्हणाले.

रिकाम्या दुपारी ते स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखालचा वरवंटा काढायचे आणि मांडीवर घेऊन बसायचे. या वरवंट्याची कथा सोसायटीत सगळ्यांना पाठ होती आणि खरी मात्र कुणाला वाटत नव्हती. कोयनेकडे भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोकं पाडली, तिथं हौसेराव शेवटच्या नोकरीला होते. काळा दगड, काळा दगड, महिनोन्महिने नुसता काळा दगड. आणि हजारभर मीटरच्या खाली गेल्यावर एका पाळीला नळीतून बाहेर आला तो गुलाबी, करड्या पट्ट्यांचा. मशीन थांबलं. साहेब लोक पोरांसारखे नाचले. तपासणी उरकून टाकाऊत गेलेला वीतभर तुकडा हौसेरावांनी घरी आणला. वेणूबाईंनी त्याला टाकी लावून घेतली आणि सरळ पाट्यावर चालवला.

त्या मिरची-लसूण रगडायच्या आणि हे दाराच्या चौकटीत बसून सांगायचे.

"पृथ्वी तवा नुकती चुलीवरनं उतरलेली. सगळं रटारटा शिजतंय. मग दुधावर साय धरावी तशी वर साय धरली, हितं वाईच, तितं वाईच. ते तुकडं खालच्या रसावर सरकायचं, एकमेकावर आदळायचं. आदळलं की एखादा खाली जायचा आन् पुन्हा शिजायचा. ही म्हातारी तशी दोन डाव शिजलीया. पट्टं बघ की. मळून वढल्यागत."

"कुणी मळली?"

"दोन खंडांनी. दोन्हीकडनं रेटा. मधी घावली बिचारी."

"मंजी माझ्यागत. हिकडनं तुमी, तिकडनं तुमची आय."

"आगं ऐक तरी. त्या रेट्यानं डोंगर उठला. हिमालय त्याच्या गुडघ्याला लागला असता. मी त्या साली तितंच हुतो."

"व्हता की. तंबाकू मागत."

"मग पाऊस लागला. झाड न्हाई, गवताची काडी न्हाई, बघायला चिटपाखरू न्हाई, आन् पाऊस आपला डोंगर धुतोय. धुऊन धुऊन पाट्यागत सपाट केला. मग वाटण्या झाल्या. समदी खंडं एका घरात नांदत हुती, त्यांचं फाटलं. मादागास्कर म्हून सख्खा भाऊ, त्यो उठला आन् समुद्रापल्याड निघून गेला. माघारी बघितलं न्हाई. अजून त्याच्या अंगावर असलंच पट्टं हायेत, साहेब सांगत हुता."

"आन् ही?"

"ही हितंच. मग भुईला चिरा पडल्या आन् रस आला वर. भाकरीवर भाकरी थापावी तसा थरावर थर. आपला समदा सह्याद्री म्हंजी त्याच भाकरी. म्हातारी खाली गाडली गेली. सहा-साडेसहा कोटी वर्सं, नुसता अंधार. कोण इचारपूस करणार? आपल्याकडं अजून भांडी वाजत्यात, भित्ताड हालतं, ती हीच. कूस बदलती."

वेणूबाई वरवंट्याची चटणी बोटानं निपटायच्या. "पावणेतीनशे कोटी वर्सांची म्हनं. तुमचं वय इचारलं तर तुमी दोन सालं चोरता." आणि मग जरा थांबून, "खरं असंल, तर तुमी वंगाळ केलं. येवढी निजलेली बाई, कशाला वर काढली?"

"तिनं हाक मारली."

"व्हय तर!"

नातीच्या बारशाला याच वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून फिरवला होता. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. बायका हसून लोळल्या, कारण वेणूबाई म्हणाल्या, "आगं बायांनो, सांभाळून. बाळ पणजीच्या पणजीपरीस म्हातारं हाय." म्हणजे थोडं तरी पटलं होतं का? हौसेरावांना ते कधी कळलं नाही.

हॉस्पिटलात शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं. एका संध्याकाळी मात्र त्यांनी डोळे उघडून विचारलं, "आवं, जल्मभर लई सांगितलंत. त्यातलं त्या दगडाचं तरी खरं का?"

आणि हौसेराव म्हणाले, "खरं सांगू का बरं वाटंल ते सांगू?"

वेणूबाई हसल्या. नर्स आली, पडदा ओढला. तो पडदा मग उघडला तेव्हा विचारणारी नव्हती.

एक शब्द होता. व्हय. तेवढा दिला असता तर काय बिघडलं असतं? तो शब्द तरी आता सांगावा, तर ऐकणारी कुठल्या घमेल्यात गेली, कुणास ठाऊक.

दहाव्याच्या आदल्या दिवशी साताऱ्याहून गोजराबाई आल्या. वेणूबाईंची धाकटी बहीण, जिभेला धार तीच. आल्या आल्या पंपरूममागे जाऊन गाडग्यापुढं डोकं टेकलं, "आक्का गं!" म्हणून गळा काढला. हौसेराव लोटी घेऊन मागे उभे होते. परक्या दगडापुढं सख्खी बहीण रडत होती आणि डोक्यावरून विमान चाललं होतं, त्याच्या आवाजात रडणं बुडून गेलं.

वर येऊन गोजराबाईंनी पदर खोचला. "उज्वले, पाटा काढ. आक्काच्या पानाला लसणाची चटणी पाह्यजे. मिक्सरची न्हाई चालायची, आक्का ताट सारंल."

"वरवंटा आबांकडं आहे, मावशी."

"दाजी! त्यो काय मांडीवर घेऊन बसायचा जिन्नस हाय का? द्या हिकडं."

हौसेरावांनी दिला. गोजराबाई रगडायला लागल्या. अंगाचा तोच हेलकावा, तीच मान, शेवटाला मनगटाचा तोच हिसका. हौसेराव चौकटीत बसले होते, नेहमीच्या जागी. वास घरभर झाला. त्या रगडण्यात त्यांना पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की वेणूबाईंच्या हाताचं जे काही या जगात उरलंय, ते या एका दगडात उरलंय. दहा-बारा वर्षांचा लसूण, मिठाचं पाणी, तळहाताचा घाम. आणि उद्या गाडग्यातून सोडायचा आहे तो कुठल्या तरी खाणीचा, कुणाचाच नसलेला तुकडा.

वरवंटा ठेवला तर बायको गेली वाऱ्यावर. बायको पोचवायची तर वरवंटा जाणार. शेवटी रात्र झाली आणि त्यांनी वरवंटा धुतला. नीट धुतला नाही, मुद्दामच.

उलव्याच्या बाजूला ओहोटीला नुसता चिखल, म्हणून गुरुजींनी खोल पाण्याचा, लाँच लागते तो मोऱ्याचा धक्का सांगितला होता. लाँच सुटून गेली होती. धक्क्याच्या एका कडेला जागा झाडून दर्भ मांडला, पिंडं झाली. दिनानाथ गुरुजी म्हणाले, "अश्मा द्या."

इंद्रजितनं गाडगं पुढं केलं.

"थांब," हौसेराव म्हणाले. "त्यात तुझी आई न्हाई."

हौसेरावांनी सांगितलं. धुतला, खडीवर ठेवला, सेक्रेटरीशी बोलत बसलो, डंपर आला, हरवला. हातवारे केले नाहीत. कुठं मीठ-मसाला नाही. इतकं कोरडं ते आयुष्यात बोलले नव्हते, आणि म्हणूनच की काय, कुणाला पटलं नाही.

"आबा, प्लीज," इंद्रजितचा आवाज फाटला. "आज तरी नको. आईच्या दहाव्याला तरी स्टोरी नको."

"दाजी, लाज धरा," गोजराबाई म्हणाल्या. "काल म्या डोकं टेकलं त्याच्यापुढं."

चेष्टा केली, एवढं म्हटलं असतं तर सगळं जाग्यावर आलं असतं. शिव्या खाऊन मोकळे. मुलगा रागावला असता आणि विसरला असता. गाडग्यातला दगड पाण्यात गेला असता, आणि सगळे जेवायला घरी. तोंडाशी आलेली थाप हौसेरावांनी गिळली. पिशवीतून वरवंटा काढून दर्भावर ठेवला.

"हा वरवंटा आहे, आबा."

"ठावं हाय मला. गुरुजी, खडा हरवला तर काय करत्यात?"

गुरुजींनी सावकाश चष्मा पुसला. "दुसरा दगड घेऊन त्यावर आवाहन करायचं. पण मग दिलेलं सगळं पुन्हा द्यावं लागतं. पहिल्या दिवसापासूनचं पाणी, पिंडं, सगळं. वेळ लागेल."

इंद्रजितनं गाडगं बाजूला सारलं आणि पुन्हा मांडी घातली. "करा," तो म्हणाला. आवाजात माया नव्हती. दमला होता, एवढंच.

धक्का तापत गेला. वरवंट्यावर तीळ-पाणी पडलं की त्याचे गुलाबी पट्टे वर यायचे, वाळले की पुन्हा मावळायचे. पिंडं ठेवली, शेजारी लसणाची चटणी. कावळा यायला तयार नाही. तुझ्या नातीचं शिक्षण करीन, म्हणून इंद्रजितनं सांगितलं. आक्का, घर सांभाळीन, म्हणून गोजराबाईंनी सांगितलं. कावळे होते की. पन्नास पावलांवर कोळणींच्या वाळत्या बोंबलांवर शेकड्यानं बसले होते. सुक्या मासळीपुढं भाताच्या गोळ्याला कोण विचारतो? हौसेरावांनी वाकून पिंडापाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, "वेणू, त्या दगडाचं खरं हुतं. समदं खरं. त्या सालचा मी तेवढा खोटा."

कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि उरकलं.

वरवंटा हौसेरावांनीच सोडला. हातातून सुटला तो सरळ गेला, गरगरला नाही, बुडबुडा नाही. खाली चिखल, चिखलाखाली तो काळा दगड, आणि त्याच्याखाली कुठंतरी तिचं घर. तिला ते पुन्हा गाठायचं तर किती वर्षं लागतील याचा हिशेब साहेबालाही आला नसता. हात नाकाशी नेला. लसणाचा वास होता. पाणी लागल्यानं तोही निम्माच.



तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गोजराबाई निघाल्या. खाली गेटपाशी रिक्षा उभी करून त्या हौसेरावांपाशी आल्या आणि पहिल्यांदाच मऊ बोलल्या. "दाजी, मला समजलं. खडा हरवलाच न्हवता न्हवं? आक्काचा वरवंटा आक्कासंगं धाडायचा हुता, आन् इंद्रजित नको म्हनला असता. म्हून रचलंत."

हौसेरावांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"म्या त्याला सांगितलं तसं. रडला. म्हनला, आबांनी जल्मात येकच थाप चांगली मारली."

इंद्रजित बॅग रिक्षात ठेवत होता. वळून त्यानं बापाकडे बघितलं, आणि त्या नजरेत दहाव्याच्या दिवसापासून गेलेलं काहीतरी परत आलं होतं. त्याच्या मनात आई खडीत नव्हतीच कधी. ती गाडग्यात होती, आवाहनानं वरवंट्यात आली, मग पाण्यात गेली, नीट पोचली.

"व्हय का नव्हं?" गोजराबाईंनी विचारलं.

"व्हय," हौसेराव म्हणाले.

रिक्षा गेली. पंपरूमपासून गेटपर्यंत नवी फरसबंदी झाली होती, लाल-करड्या ठोकळ्यांची, खाली खडी दाबून बसवलेली. पोरं तिच्यावर सायकली फिरवत होती. हौसेराव गेटापाशी जरा थांबले. मग त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या आणि अनवाणी, कडेकडेनं, पाय हलका टाकत चालायला लागले.

समोरून नंदकिशोर आले. "काका, चप्पल तुटली का?"

हौसेरावांनी तोंड उघडलं. मग मिटलं, आणि नुसती मान हलवून पुढं गेले.